थरथरण्याची वेळ सकाळी सहा ते साडेसहा

सुकापूरच्या भगवान घरतांना नेमकं काय झालं होतं, असं गावात कुणालाही विचारलं तर पहिलं उत्तर मिळतं, ‘काही झालं नव्हतं.’ हे उत्तर देणाऱ्यांत त्यांची बायको, मुलगा, यार्डातले साहेब, कंपनीचे डॉक्टर आणि समोरचा किराणावाला असे सगळे येतात. इतकं एकमत गावकीच्या जत्रेची तारीख ठरवतानाही होत नाही. नावावरून विनोद करायचा असेल तर तसदी घेऊ नये. ते सगळे करून झाले आहेत.

भगवान तेव्हा बावन्न वर्षांचे. वडिलांच्या भाताच्या खाचरावर आता सात मजले उभे आहेत आणि त्यांतल्या तीन दारांवर घरत ही पाटी आहे. अशा माणसाने गावच्या रिवाजाप्रमाणे पांढरा शर्ट घालून क्रिकेटच्या सामन्यांत बक्षिसं वाटत फिरायचं असतं. भगवान मात्र एकोणीस वर्षं जासईच्या एका कंटेनर यार्डात रीच स्टॅकर चालवत होते. रीच स्टॅकर म्हणजे लांब लोखंडी हात पुढे काढून चाळीस फुटी कंटेनर वरून चार कोपऱ्यांत पकडणारं आणि उचलून दुसऱ्यावर ठेवणारं अवाढव्य यंत्र. यार्डात कंटेनरला कुणी कंटेनर म्हणत नाही, डबा म्हणतात. जणू त्यात पोळीभाजी आहे. डब्यावर डबा ठेवताना कडेला बोटभर अंतर सुटलं, तर भगवान तो पुन्हा उचलून नीट ठेवत. पुन्हा ठेवायला कुणीही सांगितलेलं नसे. फ्लॅटचं भाडं येत असताना नोकरी कशाला, असं विचारलं की ते सांगत, घरात तीन दारांवर नाव हाय पन माझं ऐकतं कोन, तिथं बोट हलवलं की तीस टन हलतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला, ते एक भरलेला डबा एका ट्रेलरवर ठेवत होते. नियम असा की डबा खाली येईपर्यंत ट्रेलरच्या ड्रायव्हरने उतरून पिवळ्या पट्टीमागे उभं राहायचं. हा नियम यार्डात सहा ठिकाणी रंगवलेला आहे आणि तो रंगवणारा पेंटर सोडला तर कुणी वाचलेला नाही. ट्रेलर जासईच्या धनेशचा होता. इंजिन चालू, केबिनमध्ये गाणं चालू. डब्याचा एक कोपरा कुजलेला होता, तो सुटला, डबा तिरका झाला आणि ट्रेलरच्या केबिनवर पडला. केबिन पापडासारखी झाली. गाणं मात्र थांबलं नाही.

त्यानंतर चार मिनिटं भगवान वरच्या खुर्चीत बसून ते गाणं ऐकत होते. आपण धनेशला मारलं, एवढं एकच त्यांना त्या चार मिनिटांत ठाऊक होतं. मग टपरीच्या बाजूने धनेश आला. हातात चहाचा कागदी कप, तोंडात अर्धा समोसा. गर्दी बघून त्याने विचारलं, “कोनाचा ट्रेलर गेला?” सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. पंचनाम्यात मनुष्यहानीच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं गेलं. धनेशला विम्यातून नवा ट्रेलर मिळाला, त्याने सत्यनारायण घातला आणि भगवानच्या घरी पेढे पाठवले.

ते पेढे भगवानना धरता आले नाहीत, कारण हात थरथरत होते. सुरुवात तिथून. मग कुकरची शिट्टी वाजली की ते उठून गॅलरीत जाऊ लागले. दुकानाचं शटर धाडकन पडलं की खाली बसत. एकदा हळदीच्या कार्यक्रमात फटाका वाजला आणि भगवान घरत, वय बावन्न, जेवणाच्या टेबलाखाली सापडले. गावात उपचारांची कमतरता नव्हती. मन घट्ट कर. मटण खा. शिर्डीला जाऊन ये. धनेश बघ, ज्याच्यावर पडायचा तो बघ कसा नाचतोय. बायको, भामा, हिची अडचण वेगळी होती. नवऱ्याचा पाय मोडला असता तर प्लास्टर दाखवता आलं असतं; इथे बायका विचारायच्या, “भगवान अजून घरीच काय गो?” आणि भामाकडे दाखवायला काही नव्हतं.

कंपनीच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. गुडघा उडाला. ‘फिट,’ त्यांनी लिहिलं. तेव्हा कागदोपत्री भगवानना कुणी अडवलं नव्हतं. अडवत होती ती शिडी. यंत्राच्या केबिनला पाच पायऱ्या. पाच वेळा ते यार्डात गेले आणि पाचही वेळा चौथ्या पायरीवर हातांनी लोखंडी दांडा असा धरला की तो सुटेना, आणि अंग हलायला लागलं. दोघे जण येत, कमरेला धरून खाली ओढत, पाणी पाजत, म्हणत, राहू दे भगवानदादा, काय झालं नाय. शेवटी साहेबांनी अतिशय सभ्यपणे सांगितलं की दिवाळीपर्यंत खुर्ची तुमचीच, त्यानंतर दुसरा ऑपरेटर घ्यावा लागेल. एका पायरीसाठी एकोणीस वर्षं जाणार होती.

मुलगा प्रणित टाइल्स आणि रेती पुरवतो. ऑगस्टमध्ये त्याने नवीन पनवेलला चारुदत्त टिपणीस यांच्या बाथरूमच्या टाइल्स पोचवल्या, तेव्हा दारावरच्या कागदावर त्याने वाचलं : ‘आघातानंतर मज्जासंस्था शांत करा.’ टिपणीस बँकेच्या ऑडिट विभागातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून झाल्यावर त्यांना आंतरिक शांतीची गरज भासली हे समजण्यासारखं आहे. त्यांनी एका थंड हवेच्या ठिकाणी दहा दिवसांचं शिबिर केलं आणि चिगाँग ही चिनी विद्या घेऊन परत आले. अडचण एवढीच झाली की त्यांच्या सोसायटीने दिवाळीत चिनी माळा न लावण्याचा ठराव नुकताच एकमताने केला होता, आणि ठरावाचे सूचक टिपणीसच होते. म्हणून सोसायटीच्या हॉलबाहेरच्या फलकावर ‘प्राणसंचलन’ असं नाव आलं, आणि दर वर्गाच्या सुरुवातीला पाच मिनिटं हे चीनला आपल्याकडूनच कसं गेलं, ते सांगण्यात जाऊ लागली. कुणी नेलं, कधी नेलं, हा तपशील पुढच्या रविवारी यायचा असे.

प्रणितने वडिलांचं नाव नोंदवलं. पहिल्या रविवारी सगळ्यांनी गोल बसून आपापला आघात सांगायचा होता. अपूर्व नावाच्या सॉफ्टवेअरवाल्याला त्याच्या मॅनेजरने सगळ्यांना प्रत लावून मेल पाठवला होता. एक बाई सोसायटीच्या निवडणुकीत तीन मतांनी पडल्या होत्या, आणि त्या तीन मतांत त्यांची जाऊ होती. एका गृहस्थांचा आघात बालपणीचा होता, पण त्यांना तो अजून आठवला नव्हता. प्रत्येकाचं दुःख अस्सल होतं, आणि कागदी रुमालांचा डबा हातोहात फिरत होता. भगवानची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “कंटेनर.”

नोंदणी, चटया आणि काढा हा विभाग टिपणिसांच्या पत्नी शोभाताई सांभाळत, त्यांनी मृदू आवाजात विचारलं, “म्हणजे मनावरचं ओझं म्हणताय ना, भगवानराव?”

“नाय ताई. चाळीस फुटी.”

कागदी रुमाल त्यांच्यापर्यंत आलेच नाहीत. एवढ्या मोठ्या वस्तूला ते पुरणार नाहीत असं कुणाला वाटलं असेल.

विद्या मात्र, शिकवणाऱ्याची पर्वा न करता, ठीक होती. पाय खांद्याइतके रुंद, गुडघे सैल, हात असे की झाड कवेत धरलंय. श्वास घ्यायचा चारात आणि सोडायचा आठात. मग टाचांपासून सगळं अंग मुद्दाम हलवायचं, सैल पोत्यासारखं, दहा मिनिटं. आणि शेवटी नुसतं बसून तळपायांखालची फरशी जाणवते का ते बघायचं. टिपणीस सांगत की भीती अंगात अडकून राहते, ती हलवून बाहेर काढायची असते. जंगलातलं हरीणही वाघाच्या तावडीतून सुटलं की थरथरतं. हरीण भगवानना फारसं पटलं नाही. ते म्हणाले, सर, आमच्या मशिनला रिलीफ व्हॉल्व्ह असतो, तेलाचा दाब जास्ती झाला की तो उघडतो, नायतर पाइप फुटतो; माझा तो जाम झालाय. टिपणीस म्हणाले, ढोबळ मानाने तसं म्हणता येईल. पुढच्या रविवारी नव्या लोकांना शिकवताना त्यांनी हरीण काढून टाकलं आणि रिलीफ व्हॉल्व्ह घातला. कुणाचा, ते सांगितलं नाही; तो बहुधा प्राचीन भारतीय होता.

तिसऱ्या रविवारी अंग हलवता हलवता भगवानचं अंग आपोआप हलायला लागलं. दात वाजले, डोळ्यांतून पाणी आलं, गुडघे लटलटले. टिपणिसांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या अभ्यासक्रमात हे सगळं होतं, पण खरोखर कुणाला होईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. त्यांनी वही काढली, दोन पानं उलटली आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, सावकाश थांबा, भगवानराव, साडेआठला हॉल टेबल टेनिसला द्यायचाय. भगवान थांबले. पण त्या दुपारी ते दोन तास झोपले, आणि त्या दोन तासांत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. भामाने त्या मोजल्या. नवरा हलला नाही म्हणून तिने नाकापाशी बोट धरूनही बघितलं.

हॉलमध्ये थरथरायला वेळ पुरत नाही म्हटल्यावर भगवाननी ते घरी करायचं ठरवलं. सकाळी सहाला, इमारतीच्या गच्चीवर, माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून. आठ दिवस उत्तम गेले. नवव्या दिवशी शेजारच्या गच्चीवर टाकीचं पाणी बघायला गंगाबाई चढल्या. या भगवानच्या चुलती, सत्तरी पार केलेल्या, नजर शाबूत. त्यांनी काय पाहिलं? डोळे मिटलेला, अनवाणी, पूर्वेकडे तोंड केलेला पुतण्या. आधी कुणीतरी न दिसणारं कवेत धरून उभा. मग टाचेपासून डोक्यापर्यंत थरथर. तोंडाने लांब ‘हाऽ’. नवीन पनवेलमध्ये याला मज्जासंस्था म्हणतात. सुकापुरात याला अंगात येणं म्हणतात, आणि सुकापूरला या विषयात काही शतकांचा जास्त अनुभव आहे.

अर्ध्या तासात त्या हळदकुंकू आणि नारळ घेऊन दारात हजर झाल्या. भगवानच्या कपाळाला कुंकू लावून त्यांनी विचारलं, “कंचा देव हाय?”

“देव नाय काकी, यायाम हाय. न्यू पनवेलच्या सरांनी शिकवलाय.”

“पैल्यांदा समदेच असं बोलतात,” गंगाबाई म्हणाल्या आणि भामाकडे वळून त्यांनी सांगितलं की याला आता शिळं देऊ नको.

भामा खरं काय ते जाणत होती. रविवारी डबा देऊन पाठवायची तीच, चटई धुवायची तीच. पण त्या सकाळी सात महिन्यांत पहिल्यांदा तिच्या दारात कुणीतरी नवऱ्याला काहीतरी झालं आहे असं मान्य करून आलं होतं. ‘काय झालं नाय’पेक्षा ‘देव आला’ हे सांगायला सोपं होतं. ती गप्प राहिली, आणि नारळ आत नेला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर चार माणसं होती, आठवड्यात वीस. प्रणितने लग्नाच्या मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. भामाने जिन्याखाली कागद लावला, सकाळी सहा ते साडेसहा, चपला खाली काढाव्यात. थरथर आटोपली की माणसं पुढे येऊन कौल मागत. जमिनीची केस, सुनेचं दुसरं बाळंतपण, दुबईचा व्हिसा. भगवानना ठाऊक असलेली गोष्ट एकच होती, ती ते सगळ्यांना सांगत : श्वास लांब सोडा. केसवाल्याने कोर्टात जाऊन तो लांब सोडला. त्या दिवशी समोरचा पक्ष गैरहजर राहिला आणि पुढची तारीख पडली. त्याने पेढे वाटले. अशी तारीख याआधी त्याला अठरा वेळा पडली होती, पण तेव्हा श्वास लहान होते.

गोची अशी झाली की वीस जण हात जोडून समोर बसलेले असताना माणसाला थरथरता येत नाही. गुडघे ताठ होत, जबडा आवळला जाई. गर्दी जितकी वाढली, तितका देव आटला. मागच्या खुर्च्यांतून कुजबूज सुरू झाली. खाली आल्यावर भामा चहा देता देता म्हणाली, “आवो, आज नीट नाय थरथरलात. मान्सं लांबून येतात.” भगवाननी तिला सांगून पाहिलं की दिवाळी जवळ आली, मला ती चौथी पायरी चढायची हाय, ह्या लोकांना बंद कर. भामाने विचारलं, पायरी चढून काय होनार? वर गेलात तर ड्रायव्हर. खाली तुमच्या पायाशी गाव बसतोय.

एका गुरुवारी सगळे उठून गेल्यावर शेवटच्या खुर्चीत एक बाई राहिल्या. कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नारळ. शोभाताई टिपणीस. रिक्षा त्यांनी कोपऱ्यावरच सोडली होती आणि घरी भाजी आणायला जाते असं सांगितलं होतं. त्यांची मुलगी चारुता बंगळूरला असते; आठ महिने झाले, आईवडिलांचा फोन उचलत नव्हती. कधी उचलेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“ताई,” भगवान संकोचून म्हणाले, “ह्ये तर मी तुमच्याच हॉलमदे शिकलो.”

“हो, पण आमच्याकडे कुणाच्या येत नाही ना अंगात. सगळे नुसते हलतात.”

भगवाननी थोडा वेळ डोंगराकडे पाहिलं आणि विचारलं, “तिला काय झालं होतं?”

“काही झालं नव्हतं हो. साधंच काहीतरी. तिचं लग्न मोडलं, तेव्हा आम्ही म्हटलं, अगं झालंच नाही म्हणजे सुटलीस.”

शोभाताईंनी नारळ ठेवला, चपला घातल्या आणि भाजी न घेता घरी गेल्या. पुढच्या रविवारी हॉलमध्ये त्या भगवानना पहिल्यांदाच भेटल्यासारख्या वागल्या. टिपणीस मात्र त्या दिवशी अंधश्रद्धेवर बोलले. आपल्यातल्याच एका सदस्याच्या बाबतीत अडाणी लोकांनी शास्त्राचा कसा बाजार मांडला, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. त्यानंतर डोळे मिटून सगळ्यांनी नाभीमागे निळा प्रकाश पाहिला. अपूर्वला तो जांभळा दिसला, म्हणून तो नाराज होता.

दसऱ्याच्या चार दिवस आधी धनेश सुकापूरला आला. दसऱ्याला यार्डात यंत्रांची पूजा होते. झेंडूची तोरणं, टायरखाली लिंबं, पुढे पहिला डबा उचलायचा. मार्चनंतर यार्डात आणखी दोन डबे निसटले होते. सुरक्षा अधिकाऱ्याने तीन वेळा पडद्यावर चित्रं दाखवून प्रशिक्षण दिलं होतं, त्या वेळी चहा असल्यामुळे उपस्थिती चांगली होती. आता गच्चीवरच्या देवाची बातमी यार्डात पोचली होती आणि ड्रायव्हरांनी ठरवलं होतं की पूजा भगवानदादाच्या हातून व्हावी. साहेबांनीही होकार दिला. ज्या माणसाला शिडीवरून उतरवून घरी बसवलं, त्यालाच हार घालून शिडीकडे न्यायचं यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. तो ऑपरेटर होता, हा देव होता, दोन्हींची फाइल वेगळी.

भगवाननी रात्रभर विचार केला असं म्हणायला हवं, पण त्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. आपल्या अंगात देव येत नाही हे त्यांना माहीत होतं. शिडीपर्यंत जायची वाट आता एवढीच उरली आहे, हेही माहीत होतं.

दसऱ्याला भामाने त्यांना पांढरा शर्ट घातला. तो अखेर अंगावर आलाच. प्रणितने गाडीतून नेलं. यार्डात शंभरेक माणसं, ड्रायव्हर, हमाल, ऑफिसातले दोनचार जण. यंत्र धुऊन पुसून उभं होतं, पुढच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. भगवाननी नारळ फोडला, हळद वाहिली. मग शिडीला हात लावला. एक. दोन. तीन. चौथ्या पायरीवर हात दांड्याला चिकटले आणि अंग हलायला लागलं.

आणि या वेळी कुणी पुढे आलं नाही. अंगात आलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, हे तिथे सगळ्यांना घरूनच शिकवलेलं होतं. पाणी नाही, राहू दे नाही, काय झालं नाय तर नाहीच. कुणीतरी थाळी वाजवायला घेतली, दुसऱ्याने त्याचा हात धरला. साहेबांनी बूट काढले आणि ते ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर अनवाणी उभे राहिले. भगवान दांड्याला लटकून थरथरत होते. टाचा, गुडघे, कंबर, खांदे. दात वाजत होते, नाकातून पाणी येत होतं. त्यांनी गुडघे सैल सोडले. श्वास चारात घेतला, आठात सोडला. पुन्हा. टेबल टेनिससाठी कुणी थांबलेलं नव्हतं. प्रणितच्या मोबाइलमधल्या चित्रफितीत हा वेळ अकरा मिनिटं भरतो. नोकरीच्या एकोणीस वर्षांत यार्डाने त्यांना सलग अकरा मिनिटं यापूर्वी दिली नव्हती.

मग थरथर मंदावली. खालून धनेशने हात जोडून, रीतीप्रमाणे, कौल मागितला. “देवा, काय चुकलं आमचं?”

भगवान शिडीवरूनच वळले. आवाज देवाचा नव्हता, घसा बसलेल्या माणसाचा होता.

“च्याला गेलास तं सांगून का नाय गेलास? चार मिनटं तू मेला होतास धनेश. मी मारला होता तुला. गानं वाजत होतं तुजं. मंग तू आलास, नि समदे हसले. मना कोनी इचारलं नाय.”

धनेशने पुढे येऊन टायरवर डोकं टेकवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही. साहेबांना ही बोली नीट कळत नाही. त्यांनी शेजारच्या हमालाला हळूच विचारलं, काय म्हणाले? हमाल म्हणाला, “देव बोल्ला, सांगून जायचं.”

भगवान पाचवी पायरी चढले, आत बसले, किल्ली फिरवली. झेंडूच्या माळा घातलेला रिकामा डबा त्यांनी उचलला, दुसऱ्यावर ठेवला, कडेला बोटभर अंतर सुटलं म्हणून पुन्हा उचलला आणि नीट ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाला टाळ्या वाजवतात की नाही याबद्दल थोडा गोंधळ झाला, पण वाजवल्या.

दिवाळीच्या आधी ते कामावर गेले. गच्चीवरच्या खुर्च्या मंडपवाला घेऊन गेला. गंगाबाईंनी सांगितलं की देव यार्डात राहायला गेलाय, तिथे त्याचं जास्त काम आहे, त्यामुळे भामाचा मान टिकला. आता तिला बायका विचारतात की मशिनवर बसायच्या आधी तुझा नवरा काय खातो. टिपणिसांच्या नव्या पत्रकावर ‘एका यंत्रचालकाचा अनुभव’ आहे, त्यात देवाचा उल्लेख नाही आणि चीनचाही नाही. भगवान अजून रविवारी हॉलमध्ये मागच्या रांगेत उभे राहतात. घरी ते बाथरूममध्ये करतात, कडी लावून. हात अगदी थांबलेला नाही. कुकर लावला की भामा आता आधी हाक मारून सांगते.

यार्डात एक बदल झाला. भगवान आता ट्रेलरचा ड्रायव्हर पिवळ्या पट्टीमागे स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय डबा उचलतच नाहीत. ड्रायव्हर उतरतात, पट्टीमागे येतात, वर बघून हात जोडतात. दर्शन घेतल्याशिवाय देव डबा हलवत नाही अशी त्यांची समजूत आहे, आणि भगवाननी ती खोडलेली नाही. या प्रकारामुळे दर पाळीत सात-आठ डबे कमी उचलले जातात. साहेबांनी मासिक अहवालात कारणाच्या रकान्यात ‘धार्मिक’ असं लिहिलं आहे, आणि वरून अजून त्यावर कुणी शंका काढलेली नाही.

धनेशची खेप असली की तो पट्टीमागे सगळ्यांत पुढे उभा राहतो. चहाला जायचं असेल तर आधी वर बघून अंगठा तोंडाकडे नेतो. केबिनमधून भगवान मान हलवतात. मग तो जातो, आणि तो परत पट्टीमागे येईपर्यंत डबा जमिनीवरच राहतो.